जेजुरीची वारी पुरी कशी करावी: कडेपठार, गड, तळी आणि घरचा कुळधर्म

खंडोबाच्या जेजुरीला जाणारी बरीचशी मंडळी दीड-दोन तासांत परततात. गाडी लावायची, पायऱ्या चढायच्या, रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं, भंडारा उधळून फोटो काढायचा आणि पुढे मोरगाव गाठायचं. देव कुणावर रागावत नाही, पण अशा धावपळीत जेजुरीचं निम्मं वैभव नजरेतून सुटतं. इथं देवाचे डोंगर दोन आहेत, कडेपठार आणि गड; गावात दोन ऐतिहासिक तलाव आहेत आणि चढण्याच्या वाटेवरच देवाच्या दोन बायका म्हाळसा-बाणाई यांची सगळी गोष्ट दगडात मांडलेली आहे. त्याहून मोठा वारसा म्हणजे तळी, दिवटी-बुधली, जागरण आणि चंपाषष्ठी. तो घराघरातून चालतो म्हणून जेजुरी जिवंत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, आणि कुलदैवत खंडोबा असूनही घरातली माहिती सांगणारं माणूस आता उरलं नाही अशा कुटुंबांना उपयोगी पडावं म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

दिवस कोणता निवडायचा

आधी स्वतःला विचारा, निवांत दर्शन हवं की जत्रा अनुभवायची? दोन्ही एका दिवशी जमत नाही.

निवांत दर्शनासाठी साधा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार बरा. रविवार खंडोबाचा वार, त्यामुळे त्या दिवशी गर्दी ठरलेली. चैत्र, पौष आणि माघ या महिन्यांच्या पौर्णिमा, चंपाषष्ठी, सोमवती अमावास्या आणि दसरा हे मोठे दिवस. लहान मुलं किंवा गुडघेदुखीची माणसं बरोबर असतील तर हे दिवस टाळावेत.

जत्रा पाहायची असेल तर प्रत्येक दिवसाचा रंग वेगळा आहे. सोमवारी अमावास्या आली की देवाची पालखी गडावरून निघून कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. गावोगावचे खांदेकरी, भंडाऱ्याने पिवळाधमक झालेला रस्ता आणि पालखी पुढे सरकताना उठणारा येळकोट, हे सगळं एकदा तरी पाहावं. पौष पौर्णिमेला इथं गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार आणि इतर भटक्या समाजांची माणसं लांबलांबून येतात. खरेदी-विक्रीबरोबर सोयरिकी आणि जातीतले निवाडेही या मुक्कामात होत आले आहेत. माघ पौर्णिमेला मानाच्या शिखरकाठ्या वाजतगाजत गडावर जाऊन मंदिराच्या शिखराला भेटतात, आणि कोकणातले कोळी बांधवही त्या वेळी मोठ्या संख्येने येतात.

मला स्वतःला सगळ्यात भावतो तो दसरा. रात्री गडाची पालखी आणि कडेपठारची पालखी आपापल्या डोंगरावरून निघतात आणि दोहोंच्या मधल्या दरीत, रमण्यात, देवभेट होते. काळोखात दोन्ही बाजूंनी दिवट्या उतरत येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर खंडा, म्हणजे देवाची जड तलवार, उचलण्याची चढाओढ लागते. हा खंडा पानसे सरदारांनी देवाला वाहिलेला, मणभर वजनाचा. तो एका हाताने जास्तीत जास्त वेळ तोलून धरायचा, आणि काही जवान तर दातांनी उचलतात. जेजुरीच्या दसऱ्याला मर्दानी दसरा म्हणतात ते यामुळे. हा सोहळा पाहायचा तर मुक्कामालाच जायला हवं.

महाशिवरात्रीचं वैशिष्ट्य फार जणांना ठाऊक नसतं. एरवी बंद असणारं शिखरातलं लिंग आणि गाभाऱ्याखालच्या तळघरातलं लिंग त्या दिवशी दर्शनाला उघडतात. गाभाऱ्यातलं नेहमीचं लिंग धरून भाविक स्वर्ग, भूमी आणि पाताळ अशा तिन्ही लोकांचं दर्शन एकाच दिवशी घेतात.

कसं पोचायचं

जेजुरी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात. पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड या मार्गाने सुमारे ५० किलोमीटर. पुण्याहून एसटी मिळते. पुणे-मिरज लोहमार्गावर जेजुरी स्टेशन आहे, त्यामुळे सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या मंडळींना रेल्वे सोयीची, पण तिथं कोणती गाडी थांबते ते आधी बघून घ्या. ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते आणि तिचा एक मुक्काम जेजुरीत असतो. त्या दिवशी वारकऱ्यांवरही भंडारा उधळला जातो, विठ्ठलाचा गजर आणि मल्हारीचा येळकोट एका सुरात उठतो. मात्र त्या सुमारास घाटातली वाहतूक वळवलेली असते, एवढं लक्षात ठेवून निघा.

सासवडकडून येताना गावाच्या अलीकडे लवथळेश्वराचं जुनं शिवमंदिर लागतं. मल्हारीच्या कथेशी जोडलेलं हे ठिकाण आहे. पंधरा मिनिटं तिथं थांबा आणि मगच गावात शिरा.

निघण्याआधीची तयारी

कपडे जुने आणि सुती घाला. भंडारा उडणार, तो अंगावर येणार, आणि तो यायलाच हवा. डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, त्याला घाबरू नका. हळदीचा तो गुणच आहे. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत डाग बराच फिका पडतो. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी नाकातोंडाला बांधायला पंचा किंवा रुमाल ठेवावा.

भंडारा घेताना थोडं चोखंदळ राहा. भंडारा म्हणजे हळदपूड. बाजारात स्वस्तातली नुसती रंगाची पिवळी पूडही मिळते आणि ती कातडीला झोंबते. ओळखायची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. चिमूटभर पूड तळहातावर घ्या, त्यात पानाला लावायचा ओला चुना बोटाने कालवा. खरी हळद असेल तर बघता बघता कुंकवासारखी लाल होते. पिवळीच राहिली तर ती देवावर उधळू नका. शक्य असेल तर घरची हळद दळूनच न्यावी.

आणखी एक सांगणं कळकळीचं आहे. हळदीची बारीक पूड हवेत उधळली आणि जवळ दिवटी, निरांजन किंवा फटाका असला तर भडका उडतो. भंडारा वर उधळा, ज्योतीच्या दिशेने कधीही उधळू नका. पोरांच्या हातात भंडारा देताना हे आधी सांगून ठेवा.

सोबत घ्यायचं सामान असं: भंडारा, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, एक नारळ, विड्याची पानं, सुपाऱ्या, तळीचं ताम्हन, आणि घरात दिवटी-बुधली असेल तर तीही. घरचे टाक, म्हणजे देवघरातले धातूवर ठसवलेले देव, बरोबर आणून देवभेट करण्याची रीतही पुष्कळ घराण्यांत आहे.

पहिली चढण: कडेपठार

बहुतेक लोक आधी गड चढतात आणि कडेपठार राहून जातं. माझा सल्ला उलटा आहे. पहाटे लवकर कडेपठारला लागा.

कडेपठार हे मूळ स्थान, जुना गड. वृद्ध झालेल्या एका भक्ताला हा डोंगर चढवेना, तेव्हा त्याच्यासाठी देव खालच्या टेकडीवर आला आणि तिथं आजचा गड झाला, अशी श्रद्धा आहे. ही गोष्ट मनात ठेवून आधी वर जा, मग गडाचा अर्थ वेगळा लागतो. देव उतरून आला आहे, आणि तुम्ही त्याच्या मागोमाग उतरता आहात. घरातल्या थकलेल्या माणसांनी गडाची चढणही जमत नाही म्हणून खंत करू नये. पहिल्या पायरीशी टेकवलेलं डोकं देवापर्यंत पोचतं, असं मानण्याचा आधार याच कथेत आहे.

तब्येतीप्रमाणे चढायला पाऊण ते दीड तास लागतो. पायऱ्या आहेत, पण गडाच्या मानाने चढ लांब आणि सावली कमी. पाणी बरोबर हवंच. वर पोचलं की मंदिर साधं, वारा भरपूर आणि गर्दी तुरळक. पावसाळ्यानंतर इथून हिरव्या माळांचा मुलूख दूरवर दिसतो. देवाजवळ निवांत बसायला गडापेक्षा इथं जास्त मिळतं. गुडघ्यांनी साथ दिली नाही तर हा टप्पा सोडा, पण निदान गडावरून त्या दिशेला वळून हात जोडा. गडावरची जुनी माणसंही तेच करतात.

दुसरी चढण: गड

‘नवलाख पायरी’ असं गाण्यांतून म्हणतात. प्रत्यक्षात पायऱ्या काही शेच आहेत, पण पायऱ्या, कमानी, दीपमाळा आणि ओवऱ्या यांत मिळून जेवढा घडीव दगड लागला तो पाहिला की त्या शब्दामागची भावना कळते. हे काम एका राजाचं नाही. कुणी नवस फेडायला दीपमाळ उभारली, कुणी कमान, कुणी चार पायऱ्या. पायऱ्यांवर आणि कमानींवर देणाऱ्यांचे लेख कोरलेले आढळतात. घाईने चढू नका, दर टप्प्यावर थांबून एखादा लेख लावायचा प्रयत्न करा. शेंदूर, तेल आणि रंगाच्या थरांखाली काही बुजले आहेत. त्यांच्यावर आणखी तेल घालू नका, आपली नावं तर मुळीच लिहू नका.

गडाला तीन बाजूंनी वाटा आहेत. उत्तरेकडची, गावातून येणारी वाट मुख्य. नवी जोडपी इथं पहिल्या दर्शनाला येतात, आणि नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो. लाजू नका, सगळेच करतात.

वाटेतच बाणाईचं देऊळ लागतं. इथं थांबून कथा मुलांना सांगावी. म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, पार्वतीचं रूप. बाणाई धनगराची लेक, गंगेचं रूप, आणि तिच्यासाठी देवाने चंदनपुरीत मेंढरं राखली. दोघी सवतींचं पटेना, म्हणून म्हाळसेचा मान वर देवाजवळ आणि बाणाईचा मान अर्ध्या गडावर. लोकपरंपरेत देवाच्या आणखीही बायका आहेत. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई बागवानीण. म्हणजे वाणी, धनगर, शिंपी, माळी आणि मुसलमान अशी पाच घरं एका देवाची सासरवाडी झाली. मल्लूखान हेही याच देवाचं एक नाव. महाराष्ट्रातला दुसरा कुठला देव इतक्या जातीधर्मांना सोयरा लागतो असं मला वाटत नाही, आणि जेजुरीच्या वारशातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. बाणाईचं दर्शन कुणी चढताना घेतात, कुणी उतरताना. घरची रीत असेल तसं करा, पण तिला चुकवून जाऊ नका. प्रधान हेगडीचं स्थानही पायऱ्यांच्या वाटेवरच आहे, त्यांना विष्णूचं रूप मानतात.

गडावर काय पाहायचं

महाद्वारातून आत गेलात की लगेच रांगेत धावू नका. आधी तटाच्या आतून सगळीकडून फिरून घ्या. कोटाच्या कडेने ओवऱ्या, मधोमध पूर्वाभिमुख मंदिर आणि त्याच्यापुढे पितळेने मढवलेलं भलंमोठं कासव. तळी याच कासवावर उचलतात. सणाच्या दिवशी हळद आणि खोबऱ्याचे तुकडे यांनी ते असं भरून जातं की पाय घसरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा हात धरा.

गाभाऱ्यात खंडोबा आणि म्हाळसा यांची स्वयंभू लिंगं आहेत, आणि मागे भक्तांनी वाहिलेल्या मूर्तींच्या जोड्या. गर्दीत दर्शनाला क्षणभरच मिळतो, तेव्हा नजर आधी खाली लिंगाकडे न्या आणि मग वर मूर्तींकडे. पुष्कळजण फक्त मुखवटे पाहून बाहेर पडतात. मंदिरामागचं पंचलिंग मंदिरही पाहावं.

मणी आणि मल्ल या दैत्यांना मारायला शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, ही गडाची मूळ कथा. घोड्यावरचा देव, हातात खड्ग, सोबत कुत्रा. मणी शेवटी शरण आला म्हणून त्यालाही देवाजवळ जागा मिळाली. त्याचं हे स्थान गुरवांना विचारून पाहून घ्या. गुरव, कोळी, वीर आणि घडशी हे इथले पिढीजात सेवेकरी. गर्दी नसेल आणि अदबीने विचारलंत तर हातचं काम ठेवून सांगतात.

तळी कशी भरायची

तळी गडावरच भरायला हवी असं नाही. चंपाषष्ठीला, लग्नानंतर किंवा कुळधर्माला ती घरीही भरतात. क्रम असा.

ताम्हनात विड्याची पानं मांडा, त्यावर सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा. मधोमध नारळ किंवा देवाचा टाक, जशी घरची रीत असेल तसं. उचलणारे पाच, सात किंवा नऊ, विषम संख्येने. डोक्यावर टोपी, फेटा किंवा निदान रुमाल हवा. सगळ्यांनी ताम्हनाला हात लावून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा वर उचलायचं आणि खाली घ्यायचं. मग भंडारा आणि खोबरं उधळायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे. उचलताना म्हणायचे बोल घराघरात थोडे वेगळे असतात. ‘हर हर महादेव, चिंतामणी मोरया, आनंदीचा उदे उदे, भैरोबाचं चांगभलं’ असं म्हणत शेवटी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’वर येतात. काही घरांत ‘निळा घोडा, पायी तोडा’ अशी लांब बिरुदावली असते. तुमच्या घरात जी असेल तीच म्हणा, इंटरनेटवरची उचलू नका.

दिवटी म्हणजे देवाची मशाल आणि बुधली म्हणजे तिचं तेलाचं भांडं. चिंधीचा काकडा तेलात भिजवून दिवटी पेटवायची, देवाला ओवाळायचं आणि नंतर ती फुंकर न मारता दुधाने शांत करायची.

देवाचा नैवेद्य साधारणपणे शाकाहारी असतो. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, सोबत कांद्याची पात. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं या दिवशी ते पुन्हा खायला लागतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसवायचा, सहा दिवस दिवा आणि माळ आणि षष्ठीला तळी. त्या दिवशी एक पान कुत्र्याला वाढायला विसरू नये.

जागरणाविषयी

नवसाचं किंवा लग्नानंतरचं जागरण घालायचं तर देवाची गाणी गाणाऱ्या वाघ्या-मुरळींचा संच आधी ठरवा. दिमडी, तुणतुणं आणि घोळ यांच्या साथीने रात्रभर देवाची गाणी आणि कथा होतात, पहाटे लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडतात आणि आरती होते. मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय आधी बोलून घ्या. रात्रभर गाणाऱ्या कलावंताला मध्येच ‘सिनेमातलं गाणं म्हणा’ अशी फर्माइश करणं थांबलं पाहिजे. तो त्यांच्या विद्येचा अपमान आहे. पूर्वी नवसापोटी मुली मुरळी म्हणून देवाला वाहिल्या जात आणि त्यांच्या वाट्याला फार दुःख आलं. आज ते कायद्याने गुन्हा आहे. गाणं जपायचं आणि ती रूढी मात्र गाडूनच टाकायची, इतकं स्पष्ट असावं.

खाली उतरल्यावर

जेवण झाल्यावर झोप काढण्याआधी गावातल्या होळकरांच्या आणि पेशव्यांच्या तलावाकडे चक्कर मारा. मल्हारराव होळकरांचं कुलदैवत खंडोबा. त्यांनी मुलाचं नाव खंडेराव ठेवलं आणि आपल्या मुद्रेत ‘म्हाळसाकांत चरणी तत्पर’ असं कोरलं. १८व्या शतकात गडाच्या कोट-ओवऱ्यांचं मोठं काम होळकरांनी केलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेल्यावर अहिल्याबाईंनी त्यांच्या स्मरणार्थ जेजुरीत मल्हार-गौतमेश्वर छत्री मंदिर बांधलं. गडावरची गर्दी इथं पोचत नाही, त्यामुळे कोरीव काम निवांत पाहता येतं. सासऱ्याची आठवण त्याच्या देवाच्या पायथ्याशी ठेवणारी ही सून किती जाणती होती, ते तिथं उभं राहिल्यावर उमगतं.

मोरगावचा मयूरेश्वर इथून सतरा-अठरा किलोमीटर आहे. कडेपठार केलं असेल तर त्याच दिवशी मोरगाव जोडू नका, थकवा येतो आणि दोन्हीकडे मन लागत नाही.

घरी परतल्यावरचं एक काम

गडावरून आणलेला भंडारा देवघरात डबीत ठेवा. थोडा तळीसाठी राखून ठेवा, बाकीचा शेजारीपाजारी वाटा.

मग घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आपलं मूळ खंडोबाचं ठाणं जेजुरी की पाली, निमगाव, अणदूर-नळदुर्ग, माळेगाव की दुसरं कुठलं? तळीला किती माणसं लागतात? बोल कोणते? घट बसतो का, किती दिवस? रोडगे बाजरीचे की गव्हाचे? जागरण कधी घालतात आणि लंगर कोण तोडतो? आजीने सांगितलेलं मामीच्या सांगण्याशी जुळणार नाही, तेव्हा दोन्ही लिहा. बोल मोबाइलवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या, फाइलला नाव आणि तारीख द्या आणि घरातल्या दोन-तीन जणांकडे प्रत ठेवा. दिवटी-बुधली कुणाच्या घरी आहे तेही त्याच वहीत नोंदवा, कारण भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर नेमकी तीच शोधत बसावी लागते.